तुकाबाई दिवस बघून येते

भांडण हळू आवाजात चाललं होतं, म्हणून तुकाबाईनं ते कान देऊन ऐकलं. ओरडून भांडणाऱ्यांचं सगळी आळीच ऐकते, त्यात काय मजा. कुजबुजून भांडणारी माणसं मात्र खरं बोलतात.

तेव्हा तुकाबाई नवी नवरी होती. माहेर निरगुडसरचं, दिलेली जुन्नरला, गावाबाहेरच्या खडकावर मेंढरांचे वाडे होते तिथं. नवरा राघू मेंढरं घेऊन महिनोन् महिने रानोमाळ फिरायचा आणि ही सुतळी आळीत अमृतलाल शेठच्या भुसाराच्या दुकानी धान्य निवडायला यायची. पुढं ओटा, ओट्यामागं दुकान आणि दुकानामागं फळ्यांची आडभिंत. त्या फळ्यांना पाठ टेकून ती मटकीतले खडे काढत होती. फळ्यांपलीकडं शेठ आणि त्यांची बायको सज्जनबाई. तीही तुकाबाईच्याच वयाची, लग्नाला वर्षही झालं नसेल.

भांडण कशावरून, तर दिवस मावळला की नाही यावरून. दिवस म्हणजे आमच्याकडं सूर्यच. ही माणसं जैन. दिवस बुडाल्यावर घास नाही, पाण्याचा थेंब नाही. त्यात सज्जनबाई नवऱ्याच्या मागून जेवणारी. शेठ आपले भिंतीवरच्या कॅलेंडरात सूर्यास्ताची वेळ बघून उठायचे, तेही जेमतेम चार घासांपुरता वेळ उरला असताना. ते जेवून हात धुवायचे, आणि हिचं ताट वाढेपर्यंत आळीत मिट्ट काळोख. मग ही तशीच झोपायची.

"तुम्ही कॅलेंडरावर जेवता," सज्जनबाई म्हणत होती. "मी काय करू? कॅलेंडर छापणाऱ्याच्या दारात शिवनेरी आहे का? गडाच्या पाठी गेला की माझ्या आईच्या हिशेबी दिवस गेला."

"गिऱ्हाईक सोडून उठू?"

"गिऱ्हाईक असलं की तुमचा दिवस मावळतच नाही."

तुकाबाईच्या हातात मटकी तशीच राहिली. आपण बोलू नये हे तिला कळत होतं, पण तोंड काही हाताच्या ताब्यात नसतं. फळ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात ती म्हणाली, "भाभी, मी बघून यिऊ का? आळीच्या तोंडाशी दिसतोय त्यो."

फळ्यांना कान असतात हे नवरा-बायकोला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. मग शेठ नाकातून हसले आणि म्हणाले, "जा. बघून ये. तू सांगशील ते दोघांनी ऐकायचं."

हे झालं कामाचं मूळ. पुढं किती वर्षं ते चाललं ते मोजायच्या भानगडीत तुकाबाई कधी पडली नाही.

आता बघून यायचं त्यात एवढं काय, असं कुणी म्हणेल. त्याला सुतळी आळी माहीत नाही. आजकालच्या रस्त्यासारखी नव्हती ती, की आधी दोरी धरून आखली आणि मग कडेनं घरं बांधली. तिथं आधी घरं आली आणि घरांमधून जी जागा उरली तिला आळी म्हणायला लागले. पहिल्यानं बांधलं त्यानं उन्हाची बाजू घेतली. दुसऱ्यानं त्याच्या ओट्याला वळसा दिला. तिसरा लिंबाच्या झाडासाठी मागं सरला, चौथा कुणासाठीच सरला नाही. त्यामुळं आळी कुठं पोट सुटल्यासारखी पुढं आलेली, कुठं श्वास धरून आत गेलेली. भरल्या पाठीचा बैल जाईल एवढी रुंदी, आणि बैल खाऊनपिऊन सुखी असला तर त्याला दोन ठिकाणी विचार करावा लागायचा.

वरचे मजले तर खालच्यांहून धीट. लाकडी हातांवर पुढं आलेले, इतके की समोरासमोरच्या बाया खिडकीतूनच विरजण देत-घेत. मधून आभाळ दिसायचं ते लुगड्याच्या काठाएवढं. पावसाळ्यात दोन्हीकडच्या पन्हळी मधोमध ओतायच्या, म्हणून माणसं भिंतीला अंग घासत कोरड्यानं चालायची. समोरून कुणी आलं की एकानं भिजायचं. भिजायचं कुणी हे वयावर ठरलेलं. ओटे म्हणाल तर कुणाचा गुडघ्याएवढा, कुणाचा कमरेएवढा. सकाळी दुकानाच्या फळ्या निघायच्या आणि बाजारच्या दिवशी त्याच फळ्या ओट्याखाली टाकून लोणी गावापासून डिंभ्यापर्यंतच्या बाया मेथी, कांदे, सुकट मांडून बसायच्या. नाल्या उघड्या, माश्या भरपूर, वास सगळ्या जातीचे. आळी काही गोजिरी नव्हती. पण कुणाच्या घरात आज काय शिजलं हे विचारायची पाळी येत नव्हती.

आणि विहिरीजवळचं वळण. तिथं पलीकडचं काहीच दिसायचं नाही. म्हणून आळीची रीतच होती, वळणाच्या अलीकडं खोकायचं. डोक्यावर पाटी असो, हातात दुधाची चरवी असो, एकदा खोकून मगच वळायचं. नव्या सुनेला सासू पहिल्या दिवशी चूल दाखवायची आणि दुसऱ्या दिवशी खोकायची जागा. खोकल्यावरून माणूस ओळखू यायचं. शेठचा खोकला दोन तुकड्यांत यायचा. सज्जनबाईचा तर खोकला नसायचाच, नुसता बांगड्यांचा आवाज.

अशा आळीत संध्याकाळ दुपारपासूनच सुरू व्हायची. थंडीत तर दुपारच्या जेवणाच्या ताटावरून उठेस्तोवर दुकानात कंदील. दिवस आहे का गेला हे आळीतल्या माणसाला शपथेवर सांगता येत नव्हतं. म्हणून तुकाबाई सूप खाली ठेवायची, ओट्यावरून उतरायची, लिंबाला वळसा, तेल्याच्या तुटक्या पायरीवरून जपून पाय, वळणाशी खोकला आणि मग आळीचं तोंड. तिथं एकदम डोळे दिपायचे. समोर मोकळं रान आणि त्यापलीकडं गड. ती कपाळाला हात लावून बघायची. थंडीत दिवस गडाच्या मागं जायचा, उन्हाळ्यात गडाला बाजूला टाकून सावकाश उतरायचा. दिवस आणि डोंगर यांच्यामध्ये आडवी बोटं धरून ती माप घ्यायची. मेंढरं कधी वाड्याकडं वळवायची ते बघायला तिच्या सासऱ्यानं शिकवलेलं, दुसरं काही नाही.

परत येऊन सांगायची, "शेठ, दोन बोटं हाय." शेठ तराजू खाली ठेवायचे. गिऱ्हाईक कुरकुरलं तर तुकाबाईकडं बोट दाखवायचे, म्हणजे तेही सुटले. सज्जनबाई लगेच मागून जेवायची. तिचे गाल भरले, मुलगा पारस झाला, आणि तुकाबाई त्या घरात नुसती निवडणारी राहिली नाही.

आळीत बाकीचीही जैन घरं होतीच. ती काही दिवस बघत राहिली आणि मग खिडकीतून विचारायला लागली, "तुका, किती?" तुकाबाई चालता चालता बोटं वर करायची. तेल्याची कुशाबाई काही जैन नव्हती, पण एक बोट म्हटलं की ती देवापुढं दिवा लावायला उठायची. अख्खी आळी धनगराच्या सुनेच्या बोटावर जेवू लागली. राघू मेंढरं घेऊन आला की चिडवायचा, "माझ्याच्यानं येवढी मेंढरं एका वेळी वळत न्हाईत, आन् तू सगळी पेठ वळवतीस."

त्याची मेंढरंही वर्षातून एकदा आळीतून जायची. दुसरी वाट होती, पण ही जवळची. तेव्हा जो तो पोती आत ओढायचा आणि आळी भिंतीपासून भिंतीपर्यंत लोकरीनं भरायची. शेठ ओट्यावर उभे राहून मुक्या जिवांना पाणी ठेवायचे आणि त्याच वेळी बाजरीच्या पोत्यावर पाय दाबून धरायचे.

एकदाच काय ती फसगत झाली. श्रावणातली झड होती, दिवसाचा पत्ता नाही. तुकाबाई इरलं घेऊन तोंडाशी गेली तर रानाच्या कडेला ढगाखालून पिवळसर गोल डोकावत होता. तिला बाई आनंद झाला. सगळा दिवस तोंड लपवलेला, निदान जाताना तरी दिसला. ती पावसात सांगत आली, "हाय अजून, तीन बोटं हाय!" आळी निवांत जेवली. कढी दुसऱ्यांदा वाढून घेतली लोकांनी. मग पारस बाहेरून भिजत आला आणि म्हणाला, "आई, तोंडाशी नगरपालिकेनं दिवा लावला, खांबावरचा. काय उजेड आहे!"

ताटावर बसलेल्यांचे हात जागच्या जागी थांबले. आळीतला पहिला विजेचा दिवा, आणि तुकाबाईनं तो सूर्य म्हणून सगळ्यांना वाढला होता.

कुणी तिला बोललं नाही, हेच वाईट. ती रात्रभर तळमळली. दुसऱ्या दिवशी दुकानी आली तर शेठ हिशोबी तोंड करून बसलेले. सज्जनबाईनं चहा ठेवला. तुकाबाई म्हणाली पोटात गडबड आहे, नको. मग चहा तसाच निवत राहिला, कारण सज्जनबाईही घेईना. तुकाबाईनं बघितलं, सज्जनबाईनं बघितलं.

"तुला गं कसला उपास? तू काय जैन आहेस?"

"चूक माझी हाय न्हवं."

"खाल्लं मी ना? तुझा उपास तू राघूच्या नावानं कर, माझ्या उपासात वाटेकरी होऊ नको," असं म्हणून सज्जनबाईनं तिच्यापुढं भाकरी सरकवली आणि ती खाईपर्यंत समोर बसून राहिली. मग पुढं दुकानात शेठ एकाएकी जे हसत सुटले ते त्यांना दोन तुकड्यांत खोकावं लागलं. त्यानंतर आळीत कुणी काही थाप मारली की लोक म्हणायचे, नगरपालिकेचा दिवस दिसतोय.

वर्षं गेली. राघूनं मेंढरं विकली, गुडघे मात्र कुणी विकत घेईना. शेठ गेले. दुकान पारसकडं आलं. धान्य निवडून, पिशवीत बंद होऊन यायला लागलं, म्हणजे तुकाबाईचं सूपही खुंटीला गेलं. आता त्या घराशी तिला जोडणारं एवढंच राहिलं, संध्याकाळी जायचं, बघायचं, सांगायचं. पारसची बायको जागृती मोबाइल पुढं करून म्हणायची, "मावशी, यात मिनिटासकट येतं." तुकाबाई कौतुकानं बघायची आणि तरी जाऊन यायची. एकदा जागृतीनं दोन्ही ताडून पाहिलं. मोबाइल बरोबर होता, गडाचा आडोसा सोडला तर. म्हणजे सासूबाई इतकी वर्षं थंडीत लवकरच जेवत होत्या. सज्जनबाईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "बरं झालं, पचलं तरी."

मग एके दिवशी टेप घेऊन माणसं आली आणि ओट्यांवर लाल फुल्या मारून गेली. रस्ता रुंद होणार. आरडाओरडा झाला, पण खरं सांगायचं तर नगरपालिकेच्या म्हणण्यात तथ्य होतं. मागच्याच साली सज्जनबाईच्या छातीत कळ आली तेव्हा रुग्णवाहिका आळीच्या तोंडाशीच थांबली. चौघांनी तिला खुर्चीत बसवून नेलं. जीव टांगणीला, तरी वळणाशी ते चौघेही सवयीनं खोकले. खुर्चीतली सज्जनबाई म्हणाली, "पुढं बघा, खोकताय काय."

यंत्र आलं ते सकाळी आणि दुपारपर्यंत ओटे गेले. मग समोरची ओळ निम्मी कापली. लिंब गेला. विहिरीवर फरशी पडली. दुकानाची पुढची बाजू फळ्यांच्या आडभिंतीसकट उघडी पडली, आणि जी आळी कधी सरळ उभी राहिली नव्हती ती पट्टी मारल्यासारखी झाली. संध्याकाळी काय बघावं, तर ऊन आळीच्या तोंडातून शिरून थेट सज्जनबाईच्या स्वयंपाकघरात, फडताळावरच्या डब्यांवर. त्या घरानं बांधल्यापासून असलं काही बघितलं नव्हतं. धूळ किती होती ते तेव्हा कळलं.

राघूला हे समजलं तेव्हा तो बाजेवर पाय चोळत होता. म्हणाला, "झालं. आता खुद्द दिवसच त्यांच्याकडं कामाला लागला. तू बस घरी."

तो हसला. तुकाबाई हसली नाही. तिच्या पोटात हेच होतं. डोळ्यांपुढं ताटात ऊन पडतंय, त्या बाईला जाऊन काय सांगायचं? आणि सांगायचं नाही तर त्या घरी जायचं कुठल्या नात्यानं? सोयरी नाही, जातीची नाही, आता कामाचीही नाही. पाहुणी म्हणून जाऊन खुर्चीवर बसायचं, हे तिला जमणार नव्हतं. ती त्या संध्याकाळी गेली नाही. गुडघे दुखतात म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून बसली.

अंधार पडल्यावर पारस मोटारसायकलवर आला. "मावशी, आई जेवली नाही."

"का वं? बरं न्हाई?"

"बरी आहे. तोंडावर ऊन घेऊन बसली होती. म्हटलं, जेव, दिसतोय सूर्य. तर म्हणते, तुकानं सांगितलं नाही."

तुकाबाई उठली. चप्पल उलटसुलट घातली, पण मग आता जाऊन उपयोग काय हे लक्षात येऊन परत बसली. दुसऱ्या दिवशी मात्र दुपारपासूनच जाऊन बसली, आणि आधी भांडली.

"भाभी, डोळं हायती न्हवं तुमास्नी? समोर व्हता की त्यो."

सज्जनबाई पापड मोडत होती. "होता ना. चांगला दोन बोटं दिसला मला."

"मग?"

"मग काय? भूक कुणाला लागली होती? मला. भुकेल्या माणसाला सूर्य कायम वरच दिसतो गं. आमचे हे तेव्हा कॅलेंडर दाखवून भांडायचे ते काय उगाच? दुकानदाराला वेगळा दिसतो, भुकेल्याला वेगळा. ज्याला त्यातलं काहीच नको त्यानं सांगायचं." पापडाचा तुकडा तिच्या हातावर ठेवून म्हणाली, "आणि तू मला उपाशी झोपवलंस, ह्या वयात. आता हा उपास तू कर."

तुकाबाईनं पापड खाल्ला, म्हणजे तोही उपास झाला नाही.

काम परत सुरू झालं. उन्हानं भरलेल्या स्वयंपाकघरातून उठून ती रोज दिवस बघायला जायची आणि परत येऊन सांगायची. जागृती आधी हसायची, मग ताट वाढून वाट बघायला लागली.

पण कापलेलं घर ते किती दिवस उभं राहणार. दिवाळी झाली आणि भिंतीला चीर गेली. पारसनं पुण्यात आधीच घर घेतलेलं होतं, आठव्या मजल्यावर. तिथून म्हणे चारी बाजूंचं दिसतं. इथलं पाडून पुढं गाळे काढायचं ठरलं. सज्जनबाई हो म्हणाली, नाही म्हणण्यासारखं काही नव्हतंच. तुकाबाईला तिनं सुपारीचा अडकित्ता दिला आणि तुकाबाईनं तिला घोंगडी. आठव्या मजल्यावर वारा असणार म्हणून.

निघायच्या दिवशी सामान भरून टेम्पो दारात उभा. पारसला घाई, नारायणगावची गर्दी लागायच्या आत निघायचं होतं. सज्जनबाई म्हणाली, वाटेत दिवस बुडेल, जेवूनच निघू. एक ताट आणि एक तांब्या मागं ठेवलेला होता. ती रिकाम्या स्वयंपाकघरात बसली. ऊन तिच्या मांडीवर होतं, ताटात होतं, भिंतीवर कॅलेंडराचा पांढरा चौकोन राहिला होता त्यावरही होतं.

"तुका, बघून ये गं."

पारसनं तोंड उघडलं, तर जागृतीनं त्याचा हात दाबला.

तुकाबाई निघाली. जिथं ओटा होता तिथं तिनं जपून पाय खाली टाकला, तर जमीन आधीच लागली. रस्ता मोकळा, गाडी धावेल असा. पण ती लिंबाला वळसा घालून गेली. तुटकी पायरी चुकवली. मधेच डावीकडं सरकली, मधेच उजवीकडं आली. मागून मोटारसायकलवाला हॉर्न वाजवत आला आणि म्हणाला, "आजी, सरळ चाला की." त्याला तिनं वाट दिली. जाताना त्यानं वळून बघितलं, कारण मोकळ्या रस्त्यात, काहीच नसलेल्या ठिकाणी, ती बाई थांबून खोकली होती.

तोंडाशी पोचून तिनं कपाळाला हात लावला. दिवस गडाच्या खांद्यावर आलेला होता. तिनं बोटं आडवी धरली, पुन्हा एकदा धरली, आणि आली तशीच वळणं घेत परत गेली.

"हाय अजून, भाभी. दीड बोट हाय. सावकाश जेवा."

सज्जनबाईनं ताट पुढं ओढलं. तुकाबाई बसली नाही, सांगून झाल्यावर ती कधीच बसत नसे, पुढची घरं राहिलेली असायची. बोटं वर धरून ती तशीच रस्त्यानं निघाली, दीड बोट, दीड बोट म्हणत. बहुतेक खिडक्या आता नव्हत्या. नव्या शटरच्या दुकानात मोबाइल विकायला बसलेल्यानं मान वर केली आणि म्हणाला, "बरं, आजी."